फोटोखाली नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत ‘कृष्णसुंदरी’ असा मथळा देऊन आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे पाच जुने फोटो पानभर छापले होते. मी मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला राहते, म्हणजे वॉशिंग्टनच्या अगदी उंबऱ्याशी, आणि आपला अंक रोज मोबाइलवर वाचते. ते पान उघडलं तेव्हा फार आनंद झाला. हे फोटो मराठी पेपरात येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मग चष्मा पुसून खालच्या ओळी वाचल्या आणि मन खट्टू झालं. पाच फोटो आणि नाव एकच, रोझा पार्क्सचं. तिच्याही फोटोखालची ओळ चुकलेली. फोटो कुणी काढला हे तर एकाही फोटोखाली नाही.

माझं अर्धं आयुष्य फोटो धुण्यात गेलं. 1988 पासून सतरा वर्षं मी इथल्या एका लॅबमध्ये रंगीत प्रिंट काढत होते. आता निवृत्त आहे. महिन्यातले दोन शनिवार जवळच्या वाचनालयात जाते, तिथे लोक घरातले जुने फोटो घेऊन येतात आणि आम्ही ते स्कॅन करून देतो. त्यामुळे फोटोखालची ओळ चुकली की मला भात करपल्याचा वास आल्यासारखं होतं. गप्प बसवत नाही.

आधी बसचा फोटो. खिडकीबाहेर पाहणारी रोझा पार्क्स आणि तिच्या मागच्या सीटवर एक गोरा माणूस. आपण लिहिलंत, ‘1 डिसेंबर 1955, इतिहास घडवणारा क्षण’. त्या संध्याकाळी गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडली नाही म्हणून रोझाला अटक झाली, पण अलाबामातल्या माँटगोमेरीच्या त्या बसमध्ये कॅमेरा नव्हताच. हा फोटो 21 डिसेंबर 1956 चा, वर्षाहून जास्त काळानंतरचा. 381 दिवस माँटगोमेरीचे कृष्णवर्णीय लोक बसवर बहिष्कार घालून पायी चालले, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, बसमधला भेदभाव संपला आणि त्या दिवशी पत्रकारांनी तो मुद्दाम बसवून काढला. मागे बसलेला गृहस्थ निकोलस क्रिस, वृत्तसंस्थेचा बातमीदार. पोलीस रोझाच्या बोटांचे ठसे घेताहेत तो दुसरा प्रसिद्ध फोटोही सगळीकडे डिसेंबर 1955 चा म्हणून छापला जातो. तो 22 फेब्रुवारी 1956 चा आहे. बहिष्काराच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली तेव्हाचा.

तारखेने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. सगळंच बिघडतं. चुकीच्या तारखेने पाहिलं तर दिवसभर शिवणकाम करून दमलेली, आता तिला उठवणार म्हणून धास्तावलेली बाई दिसते. खरी तारीख वाचून पाहा. ही जिंकून आलेली बाई आहे. कोट आणि टोपी घालून, नीट तयार होऊन ती पुढच्या बाजूच्या सीटवर बसली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर घाई नाही. ती पेशाने शिंपीण होती. अटकेच्या सुमारास ती स्वतः शिवत असलेला एक फुलाफुलांचा झगा आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. लोइस अलेक्झांडर-लेन नावाच्या बाईंनी 1979 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीयांच्या पोशाखांचं छोटं संग्रहालय सुरू केलं होतं, त्यांच्या संग्रहातून तो तिथे आला. रोझा गेली पण तिची शिवण शिल्लक राहिली.

आणि बसचा निकाल ज्या खटल्यात लागला तो रोझाच्या नावावर नव्हता. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन या चौघींच्या नावावर होता. क्लॉडेटला 2 मार्च 1955 ला, रोझाच्या नऊ महिने आधी, सीट न सोडल्याबद्दल पकडलं तेव्हा ती पंधरा वर्षांची शाळकरी पोर होती. तिचा चष्मा लावलेला एक शाळेतला फोटो आहे. पुढच्या महिला दिनाला तो छापाल का?

दुसरा फोटो आपण पानाच्या मध्यभागी घेतलात, ते योग्यच केलंत. मागे उभा टांगलेला अमेरिकेचा झेंडा, पुढे चष्मा लावलेली सडपातळ बाई, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. आपली ओळ, ‘एक कृष्णवर्णीय मोलकरीण’.

ती एला वॉटसन. सरकारी कचेरीत झाडलोट करायची. फोटो 1942 चा, वॉशिंग्टनचा. काढणारे गॉर्डन पार्क्स तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि शिष्यवृत्तीवर नुकतेच वॉशिंग्टनला आले होते. आल्या दिवशी दुकानात, हॉटेलात, सिनेमाच्या दाराशी रंगावरून त्यांना परत पाठवलं गेलं. ते संतापून कचेरीत आले तेव्हा त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी सांगितलं, त्या झाडणाऱ्या बाईंशी जाऊन बोला. पार्क्स बोलले आणि हा फोटो निघाला.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही पुढची गोष्ट. ते तिच्या घरी गेले, तिच्या चर्चमध्ये गेले. नातवंडांबरोबरची एला आहे. झोपायच्या खोलीतल्या कपाटावर तिने मूर्ती आणि मेणबत्त्या मांडून देवघर केलं होतं, त्याचा फोटो आहे. चर्चमधल्या पांढऱ्या झग्यांतल्या बायका आहेत, फुलं आहेत. हे सगळे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या कुणालाही फुकट पाहता येतात. मी ते एका रात्री ओळीने पाहिले. झेंड्यासमोरच्या त्या जगप्रसिद्ध फोटोची मूळ नोंद नुसती ‘सरकारी झाडूवाली’ अशी आहे, नाव नाही. त्याच संचातल्या दुसऱ्या फोटोंच्या नोंदींत मात्र ‘मिसेस एला वॉटसन’ असं स्वच्छ लिहिलंय, आणि वर्षाला 1,080 डॉलर पगारात ती सहा जणांचं कुटुंब चालवते हेही लिहिलंय. म्हणजे नाव शेजारच्याच पाकिटात होतं. कुणीतरी पुढचं पाकीट उघडायला हवं होतं.

त्या फोटोत तिने ठिपक्यांचा झगा घातलाय. कामावरचाच कपडा, पण नीटनेटका. आपल्या पानावर झेंडा आणि झाडू एवढंच मोठं करून छापल्यामुळे ते ठिपके गेले. शक्य असेल तर मूळ फोटो मोठा करून पाहावा. तिची नजर कॅमेऱ्यात नाही, किंचित बाजूला आहे. मी लॅबमध्ये हजारो चेहरे धुतले आहेत. फोटोसाठी उभं केलेलं माणूस आणि स्वतःच्या विचारात उभं असलेलं माणूस यांतला फरक मला कळतो. ही बाई विचारात आहे.

लॅबचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, कारण हे फोटो इतके सुंदर का आहेत ते त्याशिवाय समजत नाही. आमच्या मशीनशेजारी एक कार्ड टांगलेलं असायचं. फिल्म कंपन्यांकडून अशी कार्डं सगळ्या लॅबना यायची आणि ‘शर्ली कार्ड’ या नावानेच ती ओळखली जायची. कार्डावर एक गोरी मुलगी, रंगीत कपडे, आणि खाली छापलेलं ‘नॉर्मल’. तिच्या गालाचा रंग बरोबर आला की मशीन लागलं असं समजायचं आणि दिवसभराचे रोल त्यात सोडायचे. गहूवर्णी, सावळ्या, काळ्या चेहऱ्यांचं काय होतं हे कुणी पाहायचं नाही. अनेक वर्णांच्या बायका असलेली कार्डं आली ती पुढे 1990 च्या दशकात.

मी कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका कृष्णवर्णीय मुलीच्या लग्नाचे रोल आले. प्रिंट निघाले तेव्हा पांढऱ्या झग्याची प्रत्येक चुणी दिसत होती आणि नवरीचा चेहरा नव्हता. दात आणि डोळे, बाकी सपाट काळं. मी सुपरवायझरला दाखवलं. तो म्हणाला, मशीन बरोबर आहे, पाठवून दे. मी पाठवले. दोन दिवसांनी नवरीची आई पाकीट घेऊन काउंटरवर आली. ओरडली नाही. एक प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “ही माझी मुलगी नाही.”

त्या संध्याकाळी मी निगेटिव्ह परत लावली. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राखाली, पुठ्ठ्याचा छोटा गोल तारेला चिकटवून चेहऱ्यापुरता उजेड रोखायचा, हात सतत हलता ठेवायचा, म्हणजे कडा उमटत नाही. पाच-सहा कागद वाया गेले, त्याबद्दल बोलणी खाल्ली. सातव्या प्रिंटमध्ये ती मुलगी हळूहळू वर आली. गालाची हाडं, हनुवटीवरची खळी, कपाळावर घामाचा एक बारीक थेंब. सगळं निगेटिव्हमध्ये होतंच. आम्ही ते काढायची तसदी घेतली नव्हती. माझा स्वतःचा रंगही त्या कार्डावरच्या मुलीचा नाही, आणि तरी मी ते पहिले प्रिंट पाकिटात भरले होते. हे मी विसरलेले नाही.

म्हणून कृष्णवर्णीय फोटोग्राफरांच्या स्टुडिओंचं काम मी हातात घेते तेव्हा माझी नजर आधी गालावर जाते. वॉशिंग्टनला यू स्ट्रीटवर ॲडिसन स्कर्लॉक यांनी 1911 साली स्टुडिओ थाटला. पत्नी मेमी धंद्याचा हिशेब पाहायची, पुढे दोन मुलगे त्याच कामात आले, आणि 1994 पर्यंत तो स्टुडिओ चालला. शाळा संपल्याचा, लग्नाचा, पदवीचा फोटो स्कर्लॉककडेच काढायचा अशी शहराची रीत होती. त्यांच्या फोटोंना लोक ‘स्कर्लॉक लुक’ म्हणत. फिकट गव्हाळपासून गर्द काळ्यापर्यंत ज्याचा त्याचा वर्ण त्या फोटोंत जिथल्या तिथे आहे. पुसलेला नाही, उजळवलेलाही नाही. हे दिव्यांचं काम आहे आणि समोरच्या माणसाकडे नीट पाहण्याचं काम आहे. आमच्या मशीनला ते येत नव्हतं.

प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन 9 एप्रिल 1939 ला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या संस्थेने तिला आपलं सभागृह नाकारलं म्हणून ती उघड्यावर गायली आणि 75,000 लोक जमले. त्या दिवशी स्कर्लॉकही कॅमेरा घेऊन हजर होते. फोटोत आपल्याला फरचा कोट दिसतो. आत तिने नारिंगी जाकीट घातलं होतं. ते जाकीट जपून ठेवलेलं आहे. हे कळल्यापासून तो कृष्णधवल फोटो पाहताना मला कोटाच्या आत नारिंगी दिसतं.

आपल्या पानावरचा तिसरा फोटो हार्लेमचा. रॅकूनच्या केसाळ कातड्याचे लांब कोट घातलेलं जोडपं, तो कॅडिलॅकच्या उघड्या दारात बसलेला, ती गाडीला लागून उभी. साल 1932, मंदीने देश खचलेला. फोटो जेम्स व्हॅन डर झी यांचा. या जोडप्याचं नाव मला कुठे मिळालं नाही, संग्रहालयंही त्यांना नुसतं ‘जोडपं’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या नावाबद्दल आपल्याला दोष नाही. फोटोग्राफरचं नाव मात्र द्यायला हवं होतं. हा माणूस निगेटिव्हवर हाताने काम करायचा. तुटका दात भरायचा, गळ्यात नसलेली माळ रेखाटायचा, चेहऱ्यावरचा शीण पुसायचा. काही लोक याला खोटेपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरी कपडे धुणारी बाई एका रविवारी स्टुडिओत येते, तेव्हा तिला आपण कसं दिसावं हे तिचं ती ठरवते आणि फोटोग्राफर तिच्या बाजूने उभा राहतो. 1969 साली मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्यांचं नाव कळलं. त्या प्रदर्शनात कृष्णवर्णीय चित्रकारांना जागा दिली नाही म्हणून दारात निदर्शनं झाली. व्हॅन डर झी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, आणि त्याच सुमारास त्यांना राहत्या घरातून बाहेर काढण्यात आलं. आज त्यांचे 20,000 प्रिंट आणि 30,000 निगेटिव्ह त्याच मेट्रोपॉलिटनने आणि हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमने मिळून जपले आहेत.

कॅमेऱ्यामागे बायकाही होत्या, हेही महिला दिनाच्या पानावर यायला हवं होतं. न्यू ऑर्लीन्सला फ्लोरेस्टिन कॉलिन्सने 1920 साली आपल्या घराच्या बैठकीच्या खोलीत स्टुडिओ मांडला. चार्ल्सटनला एलिस हार्लस्टन चित्रकार नवऱ्याच्या जोडीने स्टुडिओ चालवायची. ती फोटो काढायची आणि त्यावरून तो चित्रं रंगवायचा.

आणि या सगळ्यांच्या आधी सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई. गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरायची आणि तळहाताएवढी आपल्या फोटोची कार्डं विकून खर्च भागवायची. खांद्यावर पांढरी शाल, डोक्याला पांढरी टोपी, हातात विणकाम, शेजारी टेबलावर पुस्तक आणि फुलं. कार्डाखाली छापलेलं असायचं, देहाच्या पोटापाण्यासाठी मी माझी सावली विकते. त्या काळी फोटोचा हक्क असेल तर फोटोग्राफरचा असायचा. हिने 1864 साली तो स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. जिची एकेकाळी बाजारात बोली लागली, तिने आपल्या चेहऱ्याची किंमत आपण ठरवली. गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हा ही बाई हयात होती. मराठी वाचकाला ती परकी वाटायचं कारण नाही.

चौथा फोटो म्हणजे उंच कॉलरचा पांढरा ब्लाउज घातलेली तरुणी, खाली ‘1900 ची फॅशन’. हा फोटो माझ्या ओळखीचा आहे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकेचं स्वतंत्र दालन होतं, त्यासाठी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी जमवलेल्या 363 फोटोंपैकी हा एक. बरेच फोटो अटलांटाच्या थॉमस ॲस्क्यू यांच्या स्टुडिओतले. जगाने कृष्णवर्णीय माणसाची व्यंगचित्रं पाहिली होती. डु बॉइस यांनी पॅरिसच्या भिंतीवर डॉक्टर, विद्यार्थिनी, दुकानदार, लेसची कॉलर लावलेल्या पोरी मांडल्या. कित्येकांचे दोन-दोन फोटो आहेत, एक समोरून, एक बाजूने. तेव्हा वंशशास्त्रवाले असेच फोटो काढून कवट्या मोजायचे. त्यांचंच माप घेऊन डु बॉइस यांनी त्यात माणसं बसवली. पण त्या अल्बमांत बहुतेकांची नावं नाहीत. कामाचं थोरपण मला मान्य आहे, आणि ती रिकामी जागा तरीही सलते. त्या मुलीने इस्त्री केलेला ब्लाउज घातला, केस वर बांधले, श्वास रोखून बसली. ती समुद्रापार पॅरिसला पोचली आणि नाव मागे राहिलं.

नावं परत मिळवता येतात, हे मी नुसत्या आशेने म्हणत नाही. दक्षिण कॅरोलायनात कोलंबिया शहरात रिचर्ड सॅम्युअल रॉबर्ट्स नावाचे गृहस्थ पहाटे चारपासून पोस्टात साफसफाईचं काम करायचे आणि दुपारी आपल्या स्टुडिओत फोटो काढायचे. सकाळची वेळ पत्नी विल्हेल्मिना सांभाळायची. 1936 साली ते गेले. त्यांच्या घराखालच्या पोकळीत सुमारे 3,000 काचेच्या निगेटिव्ह चाळीस वर्षं पडून होत्या. 1977 साली त्या बाहेर काढल्या. मग अभ्यासक प्रिंट हातात घेऊन शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले, ही कोण, तो कोण, आणि कितीतरी जणांची ओळख पटली. पिट्सबर्गला चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांच्या 80,000 च्या आसपास निगेटिव्ह कार्नेगी म्युझियमकडे आहेत. ते लोक आजही वस्तीतल्या जुन्या माणसांना बोलावून फोटोंतली नावं विचारून घेतात. ब्युटी पार्लरमधल्या बायका, वाढदिवस, बेसबॉल, चर्चबाहेरच्या टोप्या. कुणीतरी म्हणतं, अगं, ही आमची आत्या. की नोंद झाली.

आमच्या वाचनालयातही असंच एकदा झालं. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यांचं नाव मी इथे देत नाही, कारण पेपरात छापायला त्यांना विचारलेलं नाही. मी पहिला फोटो काचेवर ठेवायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, “बेटा, आधी नाव लिही. मग दिवा लाव.” मी वही काढली. डब्यात स्टुडिओत काढलेले तीन फोटो होते, तीन बहिणींचे, एकाच दिवशीचे. तिघींच्या डोक्यावर एकच टोपी. टोपी मावशीची, गडद निळी, डाव्या बाजूला पीस. एकीचा फोटो झाला की टोपी दुसरीकडे. म्हणून तिसरीच्या फोटोत पीस जरा वाकलेलं आहे. आजींनी बोट ठेवून दाखवलं. निळा रंग कृष्णधवल फोटोत मला कसा कळणार? त्यांनी सांगितला म्हणून नोंदीत गेला. डब्याच्या तळाशी चौथा फोटो निघाला. डोक्यावर तीच टोपी, मुलगी वेगळी. आजींनी तो खिडकीशी नेला, पालथा केला, परत सुलटा केला. मागे पेन्सिल नव्हती. ही कोण ते त्यांना आठवेना. मी नावाचा रकाना मोकळा ठेवला आणि खाली लिहिलं, ‘टोपी मावशीची’. आजींनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

राहता राहिला पाचवा फोटो आणि मथळा. मोकळ्या, कुरळ्या केसांच्या, आफ्रिकी कापडाचे पोशाख घातलेल्या बायकांचा फोटो आपण ‘साठच्या दशकातली हटके फॅशन’ म्हणून दिलात. तो क्वामे ब्रॅथवेट यांचा. त्या ग्रँडासा मॉडेल्स. 28 जानेवारी 1962 ला हार्लेममध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. केस सरळ केल्याशिवाय नोकरी मिळत नव्हती, मासिकांत गोऱ्या रंगाच्याच जाहिराती होत्या, तेव्हा या मुली आपल्या केसांनिशी, आपल्या वर्णानिशी मंचावर चालल्या. ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ ही घोषणा घराघरांत पोचली त्यात या फोटोंचा मोठा वाटा आहे. ब्रॅथवेट यांच्या एका फोटोत त्यांची पत्नी सिकोलो मण्यांचा शिरपेच घालून आहे. त्या फोटोसोबत सिकोलोचं नाव तर मिळतंच, मणी ओवणाऱ्या कॅरोली प्रिन्सचंही मिळतं. मनात आणलं तर इतकं नीट करता येतं. ‘कृष्णसुंदरी’ या शब्दात आपला हेतू चांगलाच असणार. पण या बायका स्वतःचं नाव, घर, मतं आणि शिवणकाम घेऊन कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या. सुंदरी म्हटलं की ते सगळं झाकलं जातं आणि उरतं ते पाहणाऱ्याचं कौतुक.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला 1968 साली चर्चमध्ये मोजकेच फोटोग्राफर घेणार होते आणि त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. कोरेटा किंग यांनी निरोप धाडला, मोनेटा स्लीट यांना आत घ्या, नाहीतर कुणालाच नको. काळ्या जाळीच्या ओढणीआडून पाहणारी कोरेटा आणि तिच्या मांडीवर कलंडलेली धाकटी बर्निस, हा फोटो त्यामुळे झाला, आणि त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. नवरा गेल्याच्या आठवड्यात त्या बाईने आपल्याकडे कोण पाहणार हे ठरवलं. संपादक महाराज, आपल्याला तर नुसती ओळ छापायची आहे.

जागा कमी असेल तर माझं पत्र हवं तिथे कापा. पण पुढच्या पुरवणीत तेच पाच फोटो, लहान आकारात का होईना, या ओळींसह पुन्हा छापावेत, एवढी विनंती.

रोझा पार्क्स, मागे बातमीदार निकोलस क्रिस. माँटगोमेरी, 21 डिसेंबर 1956.

एला वॉटसन, सरकारी कर्मचारी. वॉशिंग्टन, 1942. छायाचित्र : गॉर्डन पार्क्स.

जोडपं, नावं उपलब्ध नाहीत. हार्लेम, 1932. छायाचित्र : जेम्स व्हॅन डर झी.

ग्रँडासा मॉडेल्स. हार्लेम, 1960 चं दशक. छायाचित्र : क्वामे ब्रॅथवेट.

तरुणी, जॉर्जिया, 1899 किंवा 1900. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या संग्रहातून. नाव अजून मिळालेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली वाचक,
सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड